पिल्लू बघायला जाताय? आधी त्याची आई बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ‘तुमच्यासाठी कोणता कुत्रा?’ असं पानभर छापलंत. बारा जाती, बारा फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी. शेजारीच राशिभविष्य होतं आणि खरं सांगायचं तर एकातून दुसऱ्यात कधी शिरले ते कळलं नाही. पण ‘धावण्याची आवड असणाऱ्यांसाठी हस्की’ हे वाचलं आणि पत्र लिहायला बसले.

मी साताऱ्यात शिक्षिका आहे आणि गेली अकरा वर्षं पहाटे धावते. कधी यवतेश्वरचा घाट, कधी अजिंक्यतारा. हस्की हा सायबेरियात बर्फावरून घसरगाड्या ओढण्यासाठी घडवलेला कुत्रा, अंगावर केसांचे दोन थर. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळी दहा वाजता डांबरी रस्त्यावर तळहात टेकवून पाहा, किती वेळ ठेवता येतो ते. त्या रस्त्यावर त्याला पळवायचं? की चोवीस तास एसीत ठेवून ‘माझ्याकडे हस्की आहे’ असं सांगायचं?

दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी माझी चूक सांगते. सहा वर्षांपूर्वी मलाही धावायला जोडीदार हवा होता. मोबाइलवर फोटो पाहिला, फोन केला. ‘शो क्वालिटी’ लॅब्रेडॉर, वंशावळीचे पेपर नंतर मिळतील, पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं. हायवेवरच्या एका ढाब्याच्या पार्किंगमध्ये माणूस गाडीतून टोपली घेऊन उतरला. आई कुठे आहे, विचारलं तर म्हणाला, ‘फार्मवर आहे मॅडम, लांब पडेल.’ पिल्लू मांडीवर आल्यावर पुढचं काही विचारायचं सुचत नाही, हे त्या धंद्याला पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दात पाहिले आणि म्हणाले, हे जेमतेम महिन्याचं आहे. पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो, पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणू आजार. दोन दिवस सलाइनवर होतं. आठव्या दिवशी आम्ही ते परसातल्या पेरूखाली पुरलं. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

त्यानंतर दोन वर्षं मी कुत्रा घेतला नाही. फक्त पाहत आणि विचारत राहिले, आणि तेव्हा कळलं की माझा प्रश्नच चुकीचा होता. ‘कोणती जात चांगली’ याला उत्तर नाही. कसलं काम, कसलं घर, हे आधी ठरवावं लागतं. ‘धावणं’ म्हटलं तरी त्यात तीन-चार निरनिराळे प्रकार येतात. माणसाच्या चालीने दहा किलोमीटर पळायचं, अडथळे पार करत मालकाच्या इशाऱ्यावर वळायचं, टाकलेली वस्तू शोधून आणून द्यायची, किंवा नजरेला पडलेल्या हलत्या वस्तूमागे बाणासारखं सुटायचं. लॅब्रेडॉरला तिसरं जन्मजात येतं, पाण्यातूनसुद्धा. बॉर्डर कॉली मेंढ्या वळवणारा, त्याला दुसरं. बेल्जियन मॅलिनॉईवर तर सध्या सगळ्यांचा जीव जडलाय. २०११ मध्ये अमेरिकन कमांडो ओसामाच्या घरात शिरले तेव्हा त्यांच्यासोबत त्या जातीचा कुत्रा होता, आणि आपल्या निमलष्करी दलांतही तो आहे. पण तिथे त्याच्यामागे पगारी हँडलर दिवसभर असतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नऊ ते सहा एकटा ठेवलेला मॅलिनॉई सोफा फाडतो आणि मालक म्हणतो, कुत्रा बिघडला.

आणि खेळ दिवसातला एक तास. उरलेले तेवीस तास त्याच्यासोबत घरात काढायचे असतात, हे आपल्या पानावर कुठेच नव्हतं.

मी शेवटी कारवानी घेतला. लातूर, सोलापूर, सांगलीकडे ज्याला कारवानी किंवा कारवान म्हणतात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ हाउंड, तोच. नावावरून भांडण जुनं आहे: केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तो ‘कारवान हाउंड’, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी ‘मुधोळ हाउंड’. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली आणि मालोजीरावांनी एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत हा होता. २०१६ मध्ये मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रातून काही पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं, आणि मग काय विचारता! ज्याच्या दारात बारीक कमरेचं कुत्रं, तो ब्रीडर झाला.

म्हणून यातली अडचणही सांगते. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. हलतं काही दिसलं की त्याला तुमची हाक ऐकूच येत नाही. सुरुवातीला एकदा अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर झाडीतून ससा निघाला. हातातला दोर असा सरकला की तळव्यावर पिवळट पांढरी रेघ उमटली आणि क्षणात लाल झाली. कुत्री चाळीस मिनिटांनी जीभ लोंबकळत परत आली, ससा मिळाला नव्हता. मिळाला असता तर? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार हा गुन्हा आहे. काही लोक अजूनही ‘खेळ’ म्हणून शिवारात कुत्री सोडतात आणि व्हिडिओ टाकतात, त्याला मी खेळ म्हणत नाही.

आमचा खेळ वेगळा. माझे यजमान जुनी सायकल उलटी ठेवतात. मागच्या चाकाचा टायर काढून रिमवर नायलॉनची दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला दुधाची पांढरी पिशवी. पिशवी दीडशे मीटर लांब, पडीक रानात. ते हाताने पेडल गरागरा फिरवतात, पिशवी सरपटत धावत येते आणि आमची हरणी तिच्यामागे अशी सुटते की चारही पाय एकाच वेळी हवेत दिसतात. तीन फेऱ्या झाल्या की बास. उरलेला दिवस ती जाजमावर पाय ताणून झोपते आणि आल्यागेल्याकडे मान वळवूनही बघत नाही. परक्याने अंगाला हात लावलेला तिला खपत नाही. पाहुण्यांची पोरं अंगावर लोळावीत अशी हौस असेल, तर बाबांनो, लॅबच घ्या.

आता ब्रीडर. माझ्या अनुभवात जातीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि आपल्या पानावर त्याला एक ओळही नव्हती. जत तालुक्यातल्या एका वस्तीवर कुणीतरी एक अण्णा सांगितले होते. गेले. बसायला घोंगडी टाकली, चहा आला आणि मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, ‘बाई, तुमच्या घरात सकाळी आधी कोण उठतंय?’ मी म्हटलं, मी. ‘आनि तुम्ही गावाला गेल्यावर?’ मग कुंपण किती उंच, घरी कोंबड्या आहेत का, बांधून ठेवणार का. ‘बांधून ठिवनार असाल तर नगा नेऊ. गळ्यात दोर आन् दारात खुटा, असलं कुत्रं चार म्हयन्यात चिडकं हुतंय.’

आई समोरच होती. बरगड्या मोजता येतील अशी, पण मांड्या दगडासारख्या. आम्ही गेलो तेव्हा उठून उभी राहिली, लांबूनच वास घेतला आणि परत पिल्लांपाशी गेली. गुरगुरली नाही, शेपूट पायांत घालून पळालीही नाही. अण्णा म्हणाले, ‘पिल्लू कसं हुनार ते बघायचं आसंल तर हिला बघा. बाप दुसऱ्या गावात हाय, तिकडं बी नेतो.’ आणि खरंच मोटरसायकलवर घेऊन गेले. आदल्या वेताची दोन कुत्रीही दाखवली, एक ज्वारीच्या रानात, एक दूधवाल्याकडे. तीन वर्षांची, धडधाकट.

मला एक पिल्लू आवडलं होतं, धावत येऊन चपलेची पट्टी चावणारं. त्यांनी ते दिलं नाही. सगळ्या पिल्लांना अंगणात सोडलं आणि पाठीमागे जर्मनची थाळी फरशीवर पाडली. दोन पिल्लं आईच्या पोटाखाली शिरली ती बाहेरच येईनात. चपलेवालं जागचं हललंच नाही. एक मादी दचकून चार पावलं पळाली, थांबली, वळली आणि थाळीचा वास घ्यायला आली. ‘ही तुमची,’ अण्णा म्हणाले. ‘पर आज न्हाई. अजून पस्तीस दिसाचं हाय. म्हैन्याभरानं या.’ पैसेही घेतले नाहीत. त्या माणसाकडे केनेल क्लबचा एक कागद नव्हता आणि ढाब्यावरच्या टोपलीवाल्याने मात्र पेपरची जाहिरात केली होती. कागद वंशावळ सांगतो, तोही खरा असला तर. आईचा स्वभाव आणि बापाचा खुबा कागदावर येत नाही. लॅब किंवा जर्मन शेफर्ड घेणार असाल तर दोन्ही पालकांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. खुबा उथळ असेल तर धावणारा कुत्रा लवकरच लंगडायला लागू शकतो. ‘असलं कोण करतं हो इथं’ असं उत्तर आलं की तिथून उठावं.

हरणीला आणल्यावरही शिकणं संपलं नाही. सव्वा वर्षाची होईपर्यंत तिला माझ्याबरोबर लांब पळवलं नाही, हाडं पक्की व्हायची असतात. छाती खोल असल्याने खाल्ल्या खाल्ल्या धावणं बंद, नाहीतर पोट फुगून पिळा बसू शकतो. आणि नसबंदीच्या वेळी आमच्या डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक कारवानीवाल्याने लक्षात ठेवावी: या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, भुलीची काही जुनी औषधं त्यांच्यावरून उतरायला फार वेळ लागतो. डॉक्टरांना जात आधी सांगा. रस्त्यात मात्र आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी मला थांबवून विचारतंच, ‘खायला घालत नाही का हो याला?’ भाकरी, ताक, अंडी सगळं खाते हो, तिची काठीच तशी आहे.

कायदा नाही असं नाही. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्रीय नियम २०१७ पासून आहेत. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय वेत घ्यायचं नाही, वर्षात एकच आणि आयुष्यात पाचच, पिल्लाला ओळखीची मायक्रोचिप. माझं टोपलीतलं पिल्लू यातल्या पहिल्या दोन अटींतच बाद झालं असतं. आता ओशाळवाणी गोष्ट अशी की आमचे अण्णाही नोंदणीकृत नाहीत. त्यांना तो नियम मीच सांगितला. फॉर्म पाहून ते म्हणाले, ‘ह्ये कोन भरनार?’ तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्षातून एक दिवस बसून अशा लोकांची नोंदणी आणि चिप करून देता आली, तर कारवानी राखणारे खरे हात कायद्याच्या आत येतील आणि टोपलीवाले बाहेर राहतील.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. ज्या अंकात ते पान आलं, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत ‘लॅब, पग, हस्की पिल्ले मिळतील, घरपोच’ अशा सात जाहिराती मी मोजल्या. एकीतही नोंदणी क्रमांक नव्हता. पिल्लांची जाहिरात घेताना आपल्या काउंटरवर तो क्रमांक मागून जाहिरातीत छापता येईल का, एवढं कृपया कळवावं.

आपली,
एक वाचक, सातारा