हलका सर्फबोर्ड घेताना घनफळ पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीत नव्या साहित्यापासून बनवलेल्या सर्फबोर्डांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. या विषयावर इतक्या विस्ताराने लिहिले गेले याचा आनंद आहेच. परंतु ‘वय वाढले की आखूड आणि हलका बोर्ड घ्यावा, कारण तो पेलायला सोपा’ हे त्यातील विधान वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे वय ६२ आहे, गेली ३५ वर्षे मी सर्फिंग करतो आणि नेमका हाच सल्ला मानल्यामुळे गेल्या वर्षीचा माझा जवळजवळ सगळा हंगाम वाया गेला.

बोर्ड पेलणे ही गोष्ट किनाऱ्यावरची आहे. माझा जुना बोर्ड नऊ फूट दोन इंचांचा, ७ किलो वजनाचा आणि ६८ लिटर घनफळाचा. तो काखेत घेऊन वाळूतून चालताना उजवा खांदा दुखू लागला, तेव्हा मी विक्रेत्याकडे गेलो. त्याने सहा फुटांचा एक बोर्ड माझ्या हातात दिला. आत पॉलिस्टायरीनचा (थर्मोकोलच्या जातीच्या फोमचा) गाभा, वर इपॉक्सी या रेझिनचे, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणाऱ्या चिकट द्रवाचे आवरण, कडांना कार्बनच्या पट्ट्या आणि वजन अडीच किलो. दोन बोटांनी उचलता येईल असा तो बोर्ड पाहून मी हरखून गेलो. त्याचे घनफळ किती, हे मी विचारले नाही आणि विक्रेत्यानेही सांगितले नाही. ते ३३ लिटर होते.

याचा अर्थ काय होतो, ते मी नंतर घरी कागदावर मांडून पाहिले. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वजन साधारण १.०२५ किलो असते आणि माझे वजन ७४ किलो आहे. जुन्या बोर्डासह एकूण ८१ किलो तरंगत ठेवायचे, तर सुमारे ७९ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. त्यातले ६८ लिटर बोर्ड सारतो, म्हणजे स्थिर पडून राहिलो असता माझ्या शरीराचा फक्त ११ लिटर एवढा भाग पाण्याखाली जातो. नव्या बोर्डावर हाच आकडा जवळजवळ ४२ लिटरवर जातो. बोर्डाचे वजन साडेचार किलोंनी घटले, त्याचा फायदा जेमतेम साडेचार लिटरचा. घनफळ मात्र ३५ लिटरनी कमी झाले. उरलेला सगळा भार शरीराने पाण्यात ओढायचा, म्हणजेच ज्या खांद्याला आराम मिळावा म्हणून हा खटाटोप केला त्याच खांद्याने ओढायचा. हा हिशेब शाळेतल्या आर्किमिडीजच्या तत्त्वापलीकडचा नाही, तरीही खरेदीच्या वेळी तो कोणी मांडत नाही.

लांबीचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि आमच्या वयाच्या माणसाला तो अधिक जाणवतो. लांब बोर्ड लाटेचा उतार सौम्य असतानाच धावू लागतो, त्यामुळे उठून उभे राहायला सवड मिळते. आखूड बोर्ड लाट फुटायच्या बेतात येईपर्यंत वेग घेत नाही, आणि मग तीव्र उतारावर एका झटक्यात उभे राहावे लागते. विशीत या दोहोंतला फरक लक्षातही येत नाही. माझे मात्र पुढचे पाऊल छातीखालून पुढे येईपर्यंत गुडघा बोर्डावर टेकायचा, बोर्डाचे नाक पाण्यात घुसायचे आणि मी डोक्यावरून पुढे फेकला जायचो. सलग तीन आठवडे हेच होत राहिले. माझा सर्फिंगचा काळ संपला, असे मला त्या दिवसांत मनापासून वाटू लागले होते, आणि चुकीच्या बोर्डामुळे असे वाटून पाणी कायमचे सोडलेले माझ्या वयाचे दोघे जण मला माहीत आहेत. माझी तळमळ त्यासाठीच आहे.

आपल्या लेखात जगज्जेते अमेरिकन सर्फर केली स्लेटर यांचा दाखला आहे. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी, पन्नाशी पूर्ण व्हायला सहा दिवस उरले असताना, त्यांनी हवाईतील पाइपलाइन येथील स्पर्धा जिंकली, हे खरेच आहे आणि तो पराक्रम पाहून माझेही डोळे भरून आले होते. परंतु ज्या माणसाचे सारे आयुष्य लाटांवर गेले त्याच्या बोर्डाची मापे आठवड्यातून दोनदा पाण्यात उतरणाऱ्या वाचकापुढे ठेवणे योग्य नाही.

‘नवे साहित्य’ या शब्दप्रयोगाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. पॉलिस्टायरीनचा गाभा अमेरिकेतले बोर्ड बनवणारे बॉब सिमन्स यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीसच वापरून पाहिला होता. १९५८च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क या तिथल्याच बोर्ड-निर्मात्यांनी पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या फोमचे तंत्र बसवले आणि पुढची चार-पाच दशके बहुतेक बोर्ड त्याच फोमचे व पॉलिस्टर रेझिनचे होत राहिले. ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्क यांचा फोमचा कारखाना अचानक बंद झाला, त्यानंतर पॉलिस्टायरीन आणि इपॉक्सीकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. तेव्हा साहित्य जुनेच आहे. ते हाताळण्याचे कौशल्य मात्र अजून सगळीकडे पोहोचलेले नाही, आणि त्याचा फटका मला बसला.

त्या सहा फुटी बोर्डाच्या कडेला नखाएवढी चीर गेली होती. मी बोर्ड दुरुस्तीला दिला. दुरुस्ती करणाऱ्याने सवयीने पॉलिस्टर रेझिन भरले. पॉलिस्टर रेझिनमधले स्टायरीन पॉलिस्टायरीनचा फोम विरघळवते. वरून काम गुळगुळीत दिसत होते, परंतु त्या जागी अंगठा दाबला की कवच आत जाई आणि सोडले की टप्पकन आवाज करून वर येई. चीर जिथून पुढे गेली होती तिथून पाण्याचे थेंब पाझरत राहिले, कारण आत सुपारीएवढी पोकळी झाली होती आणि तिच्याभोवतीच्या फोमच्या दाण्यांमध्ये पाणी साचले होते. असा बोर्ड दुरुस्तीला देताना ‘इपॉक्सीच वापरा’ असे स्पष्ट सांगावे, आणि चीर दिसताच पाण्याबाहेर यावे. बंद गाडीत उन्हात तो ठेवू नये, कारण आतली हवा प्रसरण पावून कवच गाभ्यापासून सुटू शकते.

एवढे सांगूनही मी आखूड बोर्डाच्या विरोधात नाही, उलट आज मी आखूड बोर्डच वापरतो. एका जाणत्या कारागिराने माझे वजन, वय आणि उभे राहण्याची पद्धत विचारून, मला दोन वेळा पाण्यात पाहून, सहा फूट आठ इंचांचा बोर्ड करून दिला. साहित्य तेच, पॉलिस्टायरीन आणि इपॉक्सी. वजन साडेतीन किलो. परंतु घनफळ ४६ लिटर, रुंदी भरपूर, जाडी छातीखाली राखलेली आणि पुढच्या टोकाचा वर वळलेला बाक कमी. वरचा हिशेब लावला तर शरीराचा साधारण ३० लिटर भाग पाण्याखाली जातो. जुन्या बोर्डाइतके हे सुखाचे नाही, पण खांद्याला झेपते. वाऱ्याने पाणी खवळलेले असले की हलका बोर्ड प्रत्येक लहान लाटेवर थडथडतो, कारण जड बोर्डासारखे जडत्व त्याला नसते. तेवढी उणीव मी मान्य करतो आणि अशा दिवशी जुना बोर्ड काढतो. मात्र वारा पडलेल्या एका सकाळी या बोर्डावर मी मागच्या टाचेवर किंचित भार दिला आणि बोर्ड लाटेच्या भिंतीवर वर चढून पुन्हा वळून खाली आला. नऊ फुटी बोर्डावर याच वळणासाठी मला पावले मागे टाकत जावे लागे. असे वळण मी कितीतरी वर्षांनी घेतले होते, आणि ते तळपायाला आधी कळले, मला नंतर.

म्हणून दोन विनंत्या आहेत. उत्पादकांनी प्रत्येक बोर्डावर लांबीच्या शेजारीच घनफळ, गाभ्याचा प्रकार आणि रेझिनचे नाव ठळकपणे लिहावे. अनेक जण घनफळ लिहितात, रेझिनचे नाव मात्र क्वचितच दिसते आणि दुरुस्तीच्या वेळी तेच लागते. आपणही यापुढे बोर्डाविषयी लिहिताना वजनाबरोबर घनफळ आणि ते किती किलो वजनाच्या व्यक्तीसाठी आहे, हे अवश्य छापावे. आणि साठीच्या आसपासचे जे वाचक तो लेख वाचून खरेदीला निघाले असतील त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की लांबी एकदम तीन फुटांनी कमी करू नका, आधी कोणाचा तरी बोर्ड मागून घेऊन निदान आठ-दहा वेळा पाण्यात उतरा, आणि तोवर जुना बोर्ड विकू नका.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ सर्फर