पोटरीतली गुठळी आणि बाबांचे ब्लॉकेज

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईला रडू आले आणि बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझी प्रकृती ठीक आहे. बाबांच्या हृदयाच्या धमनीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली होती, म्हणून स्टेंट घालावा लागला. माझ्या पोटरीत मात्र हृदयाकडे परत जाणारे रक्त लांबच्या विमानप्रवासात बसून बसून खोल शिरेत गोठले. दोन्हींना ब्लॉकेज म्हणत असले, तरी हे हृदयाचे दुखणे नव्हे.

एकच पाय सुजून गरम लागू लागला, तेव्हा मी लगेच दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीत निरोगी शीर वरून दाबली की चपटी होते. माझी एका जागी दबतच नव्हती आणि शेजारची धमनी पडद्यावर व्यवस्थित उडत होती. गुठळीचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकला तर अचानक धाप लागते, छातीत दुखते. मला तसे काहीही झालेले नाही, आणि झालेच तर क्षणभरही न थांबता रुग्णवाहिका बोलवीन.

इथल्या एका रीतीचे मात्र अजून नवल वाटते. सोबत आलेल्या मित्राला डॉक्टरांनी एक अक्षरही सांगितले नाही. आधी मला एकट्याला विचारले, मी होकार दिल्यावरच त्याला आत घेतले. आणि मग सगळे मलाच समजावले, गोळ्यांची नोंद असलेले कार्ड सतत जवळ ठेवायला सांगितले आणि त्याच संध्याकाळी चालत घरी पाठवले. आपल्याकडे आधी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात. त्यामुळे दाखल न करता घरी सोडले हा हलगर्जीपणा नाही, हे तुम्हाला पटणे कठीण आहे. पण गोळ्या सुरू करून चालते ठेवणे हाच यावरचा उपचार आहे.

आई, पाय चोळून घे म्हणतेस, ते मात्र करणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी अशक्तपणा येतो, हेही मनातून काढून टाक. त्या गुठळी वाढू देत नाहीत, विरघळवण्याचे काम शरीरच हळूहळू करते. म्हणून निदान तीन महिने त्या घ्यायच्या आहेत. रक्तस्राव वाढू नये म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मी मनाने घेत नाही.

बाबा, तुमच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मी तिथे नव्हतो आणि आता माझी काळजी तुम्ही करत आहात, याचे फार वाईट वाटते. स्टेंटनंतरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका; त्यांचे पैसे दर महिन्याला येत राहतील. माझ्या उपचाराचा बराचसा खर्च विम्यातून भागतो, तेव्हा लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडू नका. धाकटीच्या लग्नाची तारीखही माझ्यासाठी पुढे ढकलू नका. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली की तिकीट काढून लगेच कळवतो.

आपला,
अभय