पठारावरून आलेल्या भाकरी

अहिल्यानगर,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं होतं. उत्तर लिहायला आज बसलोय. पत्ता लिहिताना आता अहिल्यानगर लिहितो, पण तोंडात अजून नगरच आहे, त्यामुळे तू पाकिटावर काहीही लिहिलंस तरी पत्र पोचेल. आपले पोस्टमन तेच आहेत.

तू विचारलंस, आपल्या चर्चच्या संस्थेत आता कोण कोण उरलंय, काय चाललंय, सगळं सविस्तर लिही, फोनवर नुसतं ‘बरं आहे’ म्हणू नकोस. म्हणून सविस्तरच लिहितो. मस्कतला शुक्रवारी तुला सुट्टी असते, तेव्हा निवांत वाच.

आधी पावसाचं सांगतो, कारण गेले दोन महिने आमचं दुसरं काहीच चाललेलं नाही. सप्टेंबरच्या मध्याला पाथर्डी-शेवगावकडे एका रात्रीत एवढा पाऊस झाला की ओढ्यांनी पात्रच सोडली. आठवड्यानं सीनेला पूर आला. आपल्या नगरशेजारी उगम पावणारी ती नदी, उन्हाळ्यात जिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, तीच खाली करमाळा, माढा, मोहोळकडे गावंच्या गावं वेढून बसली. बीड, धाराशिव, जालना, लातूर, सगळीकडे तेच. कपाशी, सोयाबीन, तूर उभ्या उभ्या सडली. पण पिकापेक्षा वाईट म्हणजे जमीन खरडून गेली. आपण दोघांनी इतकी वर्षं बांधबंदिस्ती शिकवली, माती धरून ठेवा म्हणून सांगत फिरलो, आणि एका शेतकऱ्याच्या रानात मी उभा होतो तिथं नुसता मुरूम आणि दगडगोटे. तो माणूस रडत नव्हता. पायानं एक एक दगड बाजूला सारत होता, तेवढंच करत होता. मला त्याच्याशी काय बोलावं ते सुचलं नाही.

सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण पॅकेजचे पैसे खात्यात यायला कागद लागतात आणि कागद तर पाण्यात गेलेले. तेव्हा आमचं मोठं काम तेच होऊन बसलं. पहिले आठ दिवस किट वाटली: गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, साबण, चटया, ताडपत्री, बायकांसाठी पॅड. त्यानंतर सगळं कागदांचं. पुराच्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सुतळ्या बांधल्या आणि लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे, पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले कपड्यांसारखे वाळत घातले. अकौंटच्या बाई तिथं चार दिवस मुक्कामाला होत्या. एकमेकांना चिकटलेली पासबुकाची पानं त्यांनी सुईनं सोडवली. त्यांना चष्मा लागलाय आता, तरी सोडत नव्हत्या. पंचनाम्यात ज्यांची नावं राहून गेली त्यांचे अर्ज नवीन फादर स्वतः बसून लिहीत होते.

हे नवीन फादर तुझ्या ओळखीचे नाहीत. वयानं आपल्यापेक्षा लहान आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराचा मुलगा, चर्चच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला. आईबाप सहा महिने कारखान्यावर, आणि हा बोर्डिंगात. त्यामुळे हंगाम सुरू झाला की ते अस्वस्थ होतात, गावोगाव फिरून विचारतात, पोरं कुठं ठेवली, कुणाजवळ ठेवली. आधीच्या थोरल्या फादरांसारखा दरारा नाही त्यांचा. मीटिंगमध्ये शेवटी बोलतात. मला हे आवडतं.

दवाखान्यातल्या सिस्टरांची बदली झाली, जूनमध्ये. दूर झारखंडला. धर्मभगिनींच्या बदल्या व्हायच्याच, पण सतरा वर्षं एका जागी राहिलेल्या बाईचं जाणं सोपं नसतं. वस्तीवरच्या बायका मोठ्या सिस्टरांकडे भांडायला आल्या होत्या. सिस्टरांनी त्यांनाच समजावलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. जाताना सामान काय, तर एक पत्र्याची पेटी. आणि तुला आठवतो तो रक्तदाब मोजायच्या जुन्या पाऱ्याच्या यंत्राचा डबा, तो अंगणवाडीताईला देऊन गेल्या. ताई अजून तोच वापरते. इलेक्ट्रॉनिक आहे, पण म्हणते, सिस्टरांचाच खरं सांगतो.

मास्तर गेले, हे तुला फोनवर सांगितलं होतं, पण अंत्यविधीचं सांगायचं राहिलं. साठ वर्षं त्यांनी त्या गावात धर्मशिक्षण दिलं, आणि गावातल्या प्रत्येक भांडणात मध्यस्थीही केली. आपण पहिल्यांदा त्या गावात गेलो तेव्हा समितीसाठी लोक जमेनात. मास्तरांनी सायकलवरून वाड्यावाड्यांवर निरोप दिला म्हणून बैठक झाली. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाली आणि कब्रस्तानाकडे निघालो तर मारुतीच्या देवळातलं भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन रस्त्यात उभं. त्यांनी फादरांना विचारलं, आम्ही पुढं चालू का. फादर म्हणाले, चाला. टाळांच्या आवाजात मास्तरांना पोचवलं. तुझी त्या वेळी फार आठवण झाली, कारण तू आणि मास्तर एकमेकांची जी थट्टा करायचात ती दुसऱ्या कुणाला जमत नव्हती.

आता ड्रायव्हर मामांचं. मामा ३१ ऑगस्टला निवृत्त झाले. पुरणपोळीचं जेवण केलं, शाल, श्रीफळ. त्यांना भाषण करा म्हटलं तर उठले, हात जोडले, आणि खाली बसले. जीपची किल्ली फादरांच्या हातात देताना मात्र त्यांनी ती परत एकदा मुठीत घट्ट धरली, हे मी जवळ होतो म्हणून पाहिलं. बरोबर पंधरा दिवसांनी पूर आला. रात्री साडेदहाला गेटवर कोण, तर मामा. डोक्यावर पोतं, हातात टॉर्च. म्हणाले, नव्या पोराला पाथर्डीच्या बाजूचे फरशीपूल ठाऊक नाहीत, कुठल्या फरशीवरून पाणी जातं ते मला माहीत आहे, किल्ली द्या. तेव्हापासून दिवाळीपर्यंत मामा रोज आले. पगार घ्या म्हटलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करतात. शेवटी डिझेलच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या जेवणाचा खर्च तरी लिहा असं मी अकौंटच्या बाईंना सांगितलं.

आणि आता तुझ्या गावाचं. पठारावरचं. मुद्दाम मागे ठेवलं होतं.

पुराची बातमी टीव्हीवर आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मला बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. तू सुरू केलेला तोच गट, पारनेरकडच्या त्या माळावरचा. म्हणाल्या, भाऊ, गाडी पाठवा, भाकरी तयार आहेत. मला वाटलं शंभर-दीडशे असतील. मामांबरोबर मी गेलो तर शाळेच्या व्हरांड्यात चादरी अंथरलेल्या आणि त्यांवर भाकरीच भाकरी. गावातल्या प्रत्येक चुलीवर थापल्या होत्या. ती थोरली आजी, जी श्रमदानाच्या पहिल्या दिवशी तुला ‘तू चर खणशील, पाणी काय तुझा बाप आणील’ म्हणाली होती, ती काठी घेऊन मध्यभागी बसलेली. कुणाला भाकरी बांधू देईना. गरम भाकरी बांधली की वाफ धरते, दुसऱ्या दिवशी बुरशी येते, गार होऊ द्या, मग बांधा. दीड तास आम्हाला थांबवून ठेवलं तिनं. लोटक्यात ठेचा, वर कागद, वर दोरा. बाहत्तरच्या दुष्काळात या आजीनं खडी फोडलीय, सुकडी आणि मिलो नावाची लाल ज्वारी खाऊन दिवस काढलेत. त्यातलं ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. फक्त निघताना मामांना म्हणाली, गाडी हळू हाण, तुकडे होतील.

पुराच्या गावात भाकरी वाटताना एका बाईनं विचारलं, कुठल्या गावची? नाव सांगितल्यावर ती थबकली. म्हणाली, माझ्या जावेचं माहेर आहे तिथं, तिथं तर टँकरशिवाय प्यायला मिळायचं नाही.

मी तिला सगळं सांगत बसलो नाही, पण तुला सांगतो. टँकर अजून एखाद्या वर्षी येतो. तो पूर्ण थांबला असं लिहिलं तर खोटं होईल. पण पूर्वी जानेवारीतच यायचा, तो आता आला तरी मे उजाडतो. माथ्यावरचे सलग समतल चर, पावसाचं पाणी अडवायला खणलेले, बुजत आले होते, ते गेल्या उन्हाळ्यात लोकांनी पुन्हा काढले. आम्ही एक रुपया दिला नाही, कारण आमच्याकडे त्या कामाचा निधीच नाही. कुऱ्हाडबंदी टिकलीय. चराईबंदी मधे दोन वर्षं मोडली, भांडणं झाली, पुन्हा ग्रामसभेत बसून ठरली. फादर हर्मन बाखर आपल्याला प्रशिक्षणात ऐकायला मिळाले नाहीत, पण त्यांच्या तालमीतले कार्यकर्ते सांगायचे ना, की माथ्यापासून पायथ्यापर्यंत यायचं आणि गावानं आधी घाम गाळल्याशिवाय पैशाची गोष्ट काढायची नाही. स्वित्झर्लंडहून आलेल्या त्या येशूसंघीय फादरांनी नगरच्या माळरानावर आयुष्य घालवलं, १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबोंबरोबर पाणलोटाचं काम करणारी ‘वॉटर’ (WOTR) संस्था उभी केली, आणि २०२१ मध्ये ते गेले. ते गेले तेव्हा तू मस्कतला होतास आणि आपण बोललोही नाही. त्या वर्षी आपण दोघं कशावरच बोललो नाही.

त्याबद्दल मला लिहायचं आहे. पाच वर्षं झाली, आता लिहितोच.

२०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणगीचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालत होता तो २० टक्क्यांवर आला. मोठ्या संस्थेनं परदेशातून पैसे घेऊन आपल्यासारख्या लहान संस्थेला देणं बंद झालं. प्रत्येक संस्थेनं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं काढायचं. आपला पाणलोटाचा प्रकल्प त्या दुसऱ्या नियमात बसत नव्हता, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते असं. थोरल्या फादरांनी मला बोलावलं आणि विचारलं, सहा जणांना थांबवावं लागणार, कोण बाहेर काम शोधू शकेल? यादी मी लिहिली. माझ्या अक्षरात. तुझं नाव पहिलं लिहिलं. मनाशी म्हटलं, याचं लग्न झालेलं नाही, हुशार आहे, कुठंही पोट भरेल. मामांना तीन मुली, अकौंटच्या बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला. मी हे तुझ्याशी न बोलता ठरवलं. तुला पत्र मिळालं त्या दिवशी तू माझ्याच टेबलाशी येऊन बसलास आणि म्हणालास, फादरांनी असं करायला नको होतं. मी गप्प बसलो. फादर आता नाहीत, तेव्हा त्यांच्या नावावरचा तो दोष मला उतरवू दे. मला माफ कर असं लिहिलं तर तू लगेच ‘सोड ना गड्या’ म्हणशील, तसं म्हणू नकोस. हवं तर रागाव. पण वाचून पत्र लिही.

बाकी बरंच आहे. अकौंटच्या बाईंची धाकटी नर्सिंगची परीक्षा पास झाली, पुण्यात नोकरीला लागली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मुलांनी मातीच्या गल्ल्यांत साठवलेले पैसे यंदा दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीला गेले. एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले तेव्हा आम्ही ऑफिसात दोन मिनिटं उभे राहिलो. तू ख्रिस्ती नसूनही त्यांच्याबद्दल किती आपुलकीनं विचारायचास, ते आठवलं. गरिबांसाठी वर्षातला एक रविवार त्यांनीच २०१७ पासून सुरू केला. यंदाचा तो रविवार परवा १६ तारखेला झाला. फादरांनी ठरवलं, त्या दिवशी कुणाला वाटायचं नाही, बोलवायचं. पुराच्या गावातली बारा कुटुंबं आणि पठारावरच्या गटातल्या बायका एका पंगतीला बसल्या. ती जावेचं माहेर सांगणारी बाईही आली होती. वाढायला मामा.

नाताळात येणार म्हणतोस ते पक्कं कर. २७ डिसेंबरला शनिवार आहे, गटाची बैठक त्या दिवशी पठारावर ठेवायला मी सांगतो. तिथं एक मुलगा तुझी वाट पाहतोय. तू शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवलास आणि तिसरीतल्या ज्या पोराला रोज सकाळी वाचायला शिकवलंस, तो. आता दहावीला आहे. तुझी पावसाची वही त्यानं एक दिवसही सोडलेली नाही, संपल्यावर दुसरी शिवून जोडलीय. सप्टेंबरच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडतोय. मूळ वही मागितली होती, पण ती गावाबाहेर द्यायची नाही म्हणाला.

तुझा,
नगरचा मित्र