ड्राइव्ह मागवायच्या आधी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्रपाळीवरून आल्यावर वाचलं. रसाच्या पंपाच्या मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह सारखा ट्रिप होतोय, म्हणजे आपोआप बंद पडतोय, आणि साहेब नवा मागवा म्हणतात. जरा थांब. चार दिवस तरी ऑर्डर जाऊ देऊ नकोस. गेल्या पावसाळ्यात आमच्या इचलकरंजीच्या कापड प्रोसेसमध्ये असंच झालं होतं.

ब्लोअरची 15 एचपीची मोटर. सकाळी सातला बटण दाबलं की ड्राइव्हवर 'अर्थ फॉल्ट', म्हणजे करंट जमिनीत गळतोय असा इशारा, यायचा. रिसेट केला की पुन्हा तेच. दुपारी मात्र बिनतक्रार चालायची. मोटर गेली म्हणून उतरवली, रिवाइंडिंग करून आणली, बसवली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा अर्थ फॉल्ट! मग सगळे आमच्या नव्या वायरमनवर घसरले, यानंच जोडणी चुकवली म्हणून. पोरगं डबा न उघडता घरी जायला लागलं. मला ते फार लागलं रे. कळंब्याच्या आयटीआयतून निघाल्यावर आपणही असेच होतो.

एके दिवशी पहाटेच त्याला घेऊन बसलो. मेन बंद करून दहा मिनिटं थांबलो. आपल्या 415 व्होल्टच्या सप्लायवर आत 580-590 व्होल्ट डीसी असतो आणि मेन पाडल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात, म्हणून मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालू नकोस. मग मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यूच्या वायरी काढून ड्राइव्ह रिकामाच, व्ही बाय एफ मोडवर (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरावीक प्रमाणात वाढवणारा साधा मोड), 50 हर्ट्झपर्यंत नेला. ट्रिप नाही. पुन्हा मेन पाडली, मोटरकडूनही केबल सोडवली आणि 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला. मोटर 100 मेगओहमच्या वर, म्हणजे ठणठणीत. केबलला लावला, तर पिवळ्या फेजवर काटा थेट शून्याला!

ट्रेंचवरची फरशी उचलली, आत वीतभर पाणी. तिसऱ्या पाळीत फ्लोअर धुतात, ते पाणी तिथं उतरतं आणि दुपारपर्यंत ओसरतं. पोरगं केबल फडक्याने पुसत पुसत पुढं सरकत होतं. कोपऱ्यात लोखंडी अँगलच्या धारेवर घासून केबलचं आवरण फाटलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं. त्यानं बोट ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. त्याच दिवशी मालकांसमोर मी सांगितलं की चूक याची नव्हती.

पूर्वी ड्राइव्हऐवजी असायच्या त्या साध्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर अशी गळती खपून जायची, कारण ओव्हरलोड रिले फक्त जादा करंट बघतो. ड्राइव्ह तिन्ही फेजच्या करंटची बेरीज बघत असतो. ती शून्य आली नाही की करंट जमिनीत जातोय हे त्याला लगेच कळतं.

एक हात जोडून सांगतो, ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारू नकोस. चांगला ड्राइव्ह आपल्याच हाताने जातो.

तुझ्याकडं ड्राइव्हवर ट्रिपचा कोड कोणता येतो ते पत्रात नाही. बटण दाबताक्षणी येतो, की वेग घेताना? वेग घेताना ओव्हरकरंट (जादा करंट) येत असेल तर आधी पंप हातानं फिरवून बघ, अडकलाय का. मग अ‍ॅक्सिलरेशनचा वेळ वाढव आणि मोटरच्या प्लेटवरचे अँपिअर ड्राइव्हमध्ये तेच भरलेत का तपास.

रविवारी मला सुट्टी आहे. कळव, मेगर घेऊन पहिल्या एसटीनं येतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळू