शोभेचे पद? मग शोभा तरी राखा

महोदय,

‘कुलपती हे केवळ शोभेचे पद, ते रद्द करा’ असे ठणकावून सांगणारा आपला कालचा अग्रलेख वाचला. राज्यपाल असतील तेच विद्यापीठांचे कुलपती, ही जुनी रीत. आपण १८५७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनना मुंबई विद्यापीठाच्या खुर्चीवर बसवलेत आणि तिथून एकदम आजच्या राज्यपालांवर येऊन उतरलात. मधले काय झाले? ऑक्टोबर २०१७ मध्ये निकालांच्या घोळानंतर त्याच विद्यापीठाच्या कुलगुरूंना घरी पाठवले ते कुलपतींनीच. आणि नुसती शोभाच असती, तर डिसेंबर २०२१ मध्ये मंत्र्यांना ‘प्र-कुलपती’, म्हणजे कुलपतींच्या खालोखाल, करणारे विधेयक मंजूर करून घेण्याची एवढी घाई कशाला झाली असती? पुढच्या सरकारने ते मागे घेतले, ही गोष्ट वेगळी.

बरे, शोभेचे तर शोभेचे. पण ती शोभा तरी कुणाच्या वाट्याला येते? भाचीच्या पदवीदानाला गेलो होतो. विद्यापीठाचे नाव लिहीत नाही, तिची एक परीक्षा अजून तिथेच व्हायची आहे. सकाळी आठपासून पोरांना झगे घालून मांडवात बसवले, पाण्याच्या बाटल्या दारातच काढून घेतल्या. आम्ही आईबाप-मामा मंडळी बाहेर उन्हात. मिरवणूक निघाली साडेअकराला. पदकवाले तेवढे मंचावर गेले. बाकीच्यांना ‘उभे राहा’, ‘बसा’ सांगितले की झाली पदवी प्रदान! प्रमाणपत्र नंतर खिडकीवर मिळाले, त्यात आडनाव चुकलेले. चूक त्यांची, दुरुस्तीचे शुल्क मात्र भाचीने भरायचे. या शोभेवर अग्रलेख कधी येणार?

महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे गव्हर्नरसाहेबही नव्हते. कुलपती झाले संस्कृतपंडित डॉ. रा. गो. भांडारकर. वय ऐंशीला टेकलेले, पण ज्यांच्यासमोर पदवी घेताना मान आपोआप लवावी असा माणूस. पद रद्द करा म्हणण्यापेक्षा अशी माणसे शोधा म्हणायला काय हरकत होती? पण राजभवन विरुद्ध मंत्रालय या कुस्तीतच आपल्याला जास्त रस दिसतो.

जाता जाता : परवाच्या अंकात पदवीदानाचे छायाचित्र छापलेत. मंचावरच्या झाडून साऱ्या मान्यवरांची नावे, पदव्यांसह. ज्या मुलीच्या गळ्यात पदक होते ती मात्र ‘व इतर’मध्ये.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा