दत्ताला, सुमीच्या लग्नाआधी

खानापूर, रविवार

प्रिय दत्ता,

तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रागावला असशील तर रागव, हक्क आहे तुझा. पण सुमीच्या अक्षतेला तू कॅमेरा वर गॅलरीच्या कठड्याला बांधून खालनं मोबाईलवर फोटो काढणार, असं वहिनींकडनं कळलं. फोनवर सांगितलं तर 'होय की, होय की' म्हणशील आणि विसरशील, म्हणून लिहून पाठवतोय. इकडं सगळी बरी आहेत. आईचा गुडघा आहे तसाच.

तर तो अडॅप्टर, कॅमेऱ्याला वायफाय देणारा. डब्ल्यूयू-१ए म्हणजे नखाएवढं डबडं, पण तुझ्या निकॉन डी३२०० कॅमेऱ्याला चालतं, त्याबद्दल वाद नाही. कॅमेरा बंद करून डाव्या अंगाचं रबरी झाकण उघड आणि यूएसबीच्या पोर्टात सरळ बसव. तिरकं दाबू नकोस, त्या ट्रायपॉडच्या स्क्रूचं काय केलंस ते मी विसरलेलो नाही. मग कॅमेरा चालू करून सेटअप मेनूत वायरलेस मोबाईल अडॅप्टर 'एनेबल' कर. मोबाईलच्या वायफायमध्ये निकॉनच्या नावाचं नेटवर्क दिसेल, ते जोड आणि मगच वायरलेस मोबाईल युटिलिटी ऍप उघड. पहिल्यांदा त्याला पासवर्ड नसतो. कार्यालयात शंभर पोरं मोबाईल घेऊन फिरणार, तेव्हा घरीच ऍपच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड घाल.

आता तुझं 'जोडलं तरी तुटतंय' का होतंय ते. कॅमेऱ्याच्या वायफायला इंटरनेट नसतं. मोबाईलला वाटतं हे नेटवर्क बिनकामाचं, आणि तो गुपचूप सिमच्या डेटावर उडी मारतो. म्हणून आधी फ्लाईट मोड लाव, मग नुसतं वायफाय चालू कर. 'इंटरनेट नाही, तरी राहू का' असं विचारलं तर होय म्हण. अँड्रॉईड असेल तर ऍपला लोकेशनची परवानगी दे, आयफोन असेल तर लोकल नेटवर्कची. फ्लाईट मोडचा आणखी एक फायदा, ऐन मुहूर्तावर तुझ्या मामांचा 'पोचलो रे निपाणीला' हा फोन येणार नाही.

एवढं सगळं जमलं तरी अक्षतेला हे वापरू नकोस, हेच सांगायला बसलोय. कंपनी जी रेंज सांगते ती मधे काही नसताना. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं, आणि माणसाचं अंग म्हणजे पाण्याची पिशवी, लहरी पिऊन टाकतं. घरात सोफ्यावर बसून तेवढी मिळेल, पण चारशे माणसं उभी राहून अक्षता टाकताना काय मिळेल त्याचा विचार कर. वर हे सगळं लाईव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवर सतत चित्र दाखवत चालतं. मोबाईलवर बोट ठेवलंस की कॅमेरा फोकस शोधत मागंपुढं होतो, उजेड कमी असला की जास्तच. मोबाईलवरचं चित्रही थोडं मागनं येतं, म्हणजे अंतरपाट खाली आलेला तुला दिसेल तेव्हा तो आधीच आलेला असेल. ॲपर्चर, शटर, आयएसओ ही उजेडाची सेटिंगं मोबाईलवरनं बदलता येत नाहीत, ते कॅमेऱ्यावरच ठेवून यायचं. उजेड बदलला की शिडी घेऊन वर जा!

त्यापेक्षा निकॉनचा एमएल-एल३ इन्फ्रारेड रिमोट आण. शहापूरच्या तुझ्या त्या दुकानदाराकडं मिळाला तर ठीक, नाहीतर माझा पाठवतो. सीआर२०२५ सेल मात्र नवीन घाल. रेंज पाचच मीटर, पण कॅमेरा तुझ्याकडंच तोंड करून असणार आणि त्याला ना नेटवर्क लागतं ना ऍप. रिलीज मोड 'क्विक रिस्पॉन्स रिमोट' कर आणि सेटअप मेनूत 'रिमोट ऑन ड्युरेशन' १५ मिनिटं ठेव. ते मुळात १ मिनिटावर असतं. ती वेळ संपली की कॅमेरा रिमोट मोड सोडून देतो आणि माणूस खाली बटण दाबत बसतो.

मोड एम, म्हणजे उजेडाचं सगळं आपल्या हातानं. कठडा ४ मीटर उंच धर. १८-५५ लेन्स १८ वर ठेवलीस की खाली साधारण ५ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल जागा मावते. बोहलं, दोन्हीकडचे मामा, भटजी सगळे आले. ॲपर्चर एफ/५.६ वर ३ मीटरला फोकस करून लेन्सचं बटण एम वर, म्हणजे हातानं फोकसवर टाक आणि रिंगला सेलोटेप लाव. दीड मीटरपासून लांबवर सगळं शार्प येईल. व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद. शटर १/१६०, आयएसओ १६०० पासून धर, आदल्या दिवशी दिवे लावून बघ. रॉ आणि जेपीईजी दोन्ही ठेव. कॅमेऱ्याचा पट्टा वेगळ्या दोरीनं कठड्याला बांध, क्लॅम्पवर भरवसा ठेवू नकोस. खाली सुमीचं डोकं आहे.

अडॅप्टर हळदीच्या दिवशी अंगणात वापर, हौस फेड. तिथं चुकलं तर परत काढता येतं. इएन-ईएल१४ बॅटऱ्या दोन भरून ने, लाईव्ह व्ह्यू आणि वायफाय मिळून एक भराभर खाली करतात. ऑटो ऑफ टायमर 'लाँग'वर ठेव. फोटो काढल्यावर लगेच मोबाईलवर उतरवायचं सेटिंग बंद कर, नाहीतर २४ मेगापिक्सेलची एकेक फाईल येईपर्यंत आत्या जेवायला जातील. व्हॉट्सॲपसाठी नंतर लहान साईजमध्ये घे.

तुझ्या बदलीचं ऐकलं. चिक्कोडी लांब नाही, पण रोज जाण्यायेण्याचं म्हणजे हैराणच की. पोराची दहावी कशी चाललीय? वहिनींना सांग, कुंदा मिळाला, पुरलाही नाही.

बापू बुधवारी खाली येतोय. त्याच्याकडं क्लॅम्प आणि रिमोट देतो. क्लॅम्प माझा आहे, लग्नानंतर परत हवा. मागच्यासारखं 'कुठला क्लॅम्प?' म्हणू नकोस.

तुझा,
विश्वास

ता. क. अडॅप्टर लावलेला असताना रबरी झाकण उघडंच राहतं. हळदीला पाऊस आला तर आधी अडॅप्टर काढून झाकण लाव, मग मांडवाखाली पळ. आणि तो पोर्टात अडकवून कॅमेरा बॅगेत कोंबू नकोस, ढकलला तर पोर्टच तुटतो.