दिन्या, पोरांना एआय आत्ताच शिकवायला हवं

प्रिय दिन्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं, पण ते इतकं लांबत गेलं की म्हटलं सरळ मेलच टाकावा. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, आईचा गुडघा आहे तसाच. आता ऐक, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं झालं बाबा" म्हणून सोडून देतील, तुझ्या मात्र पोटात कालवेल.

सातवीतली एक पोरगी आहे माझ्याकडं. नाव लिहीत नाही, पण तिच्या बापाला तू ओळखतोस, ओढ्याकडंची द्राक्षबाग, आपण पेरू चोरायचो तिथली. मागच्या महिन्यात सलग ढगाळ हवा होती, बागेत भुरी, म्हणजे पानावर पांढरी पावडर धरणारा रोग, दिसायला लागली, आणि घडात पाणी उतरलेलं, तोडणी तोंडावर, व्यापाऱ्याशी बोलणी पण झालेली. बापानं पानाचा फोटो काढला आणि फोनमधल्या चॅटबॉटला मराठीत विचारलं, काय मारू? त्यानं एका मिनिटात औषधाचं नाव, लिटरला किती, कधी मारायचं, सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं. फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून झाला होता दिन्या. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "पप्पा, तोडणी कधी हाय ते त्याला सांगितलंय का?" सांगितलं नव्हतं. तिनं फोन घेऊन तोच प्रश्न परत विचारला तर औषध वेगळं आलं. मग तोडणीची तारीख घालून विचारलं तर म्हणतोय, पहिलं औषध आता मारू नका, द्राक्षात त्याचे अंश राहतील. एवढं झाल्यावर बापानं सल्लागाराला फोन लावला, त्यानं पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी काढून तोडणीआधी किती दिवस काय चालतं ते बघून सांगितलं, आणि ब्लोअर परत शेडमध्ये गेला.

मला हे कळलं तेव्हा तुझे अण्णाच डोळ्यासमोर आले. २०१० साली सीसीसीच्या, त्या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, अंशापायी युरोपनं द्राक्षं अडवली तेव्हा तुमच्या घरी काय चाललं होतं ते मी बघितलंय, तुला परत सांगायला नको. अण्णा कुणाचं तरी ऐकूनच फवारत होते ना? सगळेच ऐकत होते. सांगणारा ठाम बोलला की आपण विचारतच नाही, तुला हे कुठून कळलं. आता तर सांगणारा खिशातच आहे, रात्री बाराला पण ठाम बोलतो आणि कधी दमत नाही.

आता तू म्हणशील पोरगी हुशार आहे. आहेच, पण तिला हे सुचलं ते वर्गात जे केलं त्यामुळं, आणि त्याच्यावरूनच सध्या गावात वाद पेटलाय. दिवाळीनंतर मी सातवीला टीचेबल मशीनवर बसवलं. गुगलचं आहे, फुकट, ब्राउझरमध्ये चालतं. पोरांनी बागेतून पानं आणली, भुरीची वेगळी, चांगली वेगळी, फोटो काढले आणि मशीनला दाखवले, हे असं ते तसं. पहिल्या दिवशी मशीन एकदम हुशार, दाखवाल ते पान बरोबर ओळखतंय, पोरं नाचायला लागली. दुसऱ्या दिवशी सगळा घोळ, चांगल्या पानाला भुरी म्हणतंय आणि भुरीच्या पानाला चांगलं. मी मुद्दाम काही बोललो नाही. पोरं तासभर डोकं खाजवत होती, कुणी कॅमेरा पुसतंय, कुणी पान उलटं धरतंय, आणि मग हीच पोरगी म्हणाली, "सर, ह्ये पान बघतच न्हाई, हात बघतंय." भुरीची पानं पोरांनी फरशीवर ठेवून फोटो काढले होते, हाताला लागेल म्हणून, आणि चांगली पानं हातात धरून! मशीननं शिकून घेतलं, हात दिसला की चांगलं पान. मग एकानं पायातली चप्पल काढून फरशीवर ठेवून दाखवली तर मशीन म्हणतंय भुरी, ९७ टक्के. वर्ग लोळला हसून. पण हसणं थांबल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, सर ह्याला "मला माहीत न्हाई" म्हणता येत न्हाई का? दिन्या, मी त्या पोराला मिठी मारणार होतो. दोनच खाने दिलेत, त्यामुळं समोर काही आणा, कुठल्यातरी एका खान्यात टाकणारच, वर टक्केवारी सांगणार. हे त्यांना स्वतःच्या हातानं कळलं, पुस्तकातून नाही.

मग मी त्यांना जॉय बुओलामविनीचं सांगितलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात होती, २०१८ साली तिनं चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते सांगणारी सॉफ्टवेअर तपासली, तर गोऱ्या पुरुषांत चूक १ टक्क्याच्या आत आणि काळ्या-सावळ्या बायकांत काही ठिकाणी ३४ टक्क्यांच्या वर. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलं, मग आपलं फोटू कोण दाखवणार त्याला?

हे वय आहे रे. दहावीनंतर शिकतील म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतोय की बारा वर्षांचं पोर "का" विचारतं, सोळाव्या वर्षी ते "परीक्षेला आहे का" विचारतं. आणि तोवर फोन थांबतोय होय? मुलांच्या हातात तो आधीच आलाय, बापाचा, भावाचा, चुलत्याचा. निबंध त्यावरून उतरवणं पोरांनी कुणी न शिकवता शिकून घेतलं, आता राहिलंय ते फक्त त्यावर शंका घेणं, आणि ते आपणच शिकवायचं आहे.

तुझं ठरलेलं वाक्य मला पाठ आहे, "आधी पाढे, मग बाकी." डीएडच्या होस्टेलवर कॅल्क्युलेटरवरून आपण रात्रभर भांडलो होतो, मन्या शेवटी उशी फेकून मारायला लागला. तेव्हा तू म्हणायचास की अंदाज न येणाऱ्याच्या हातात यंत्र देऊ नये. बरोबर होतं तुझं, मी तेव्हाही मनातून मान्य केलं होतं आणि आज तुझंच वाक्य मी सगळ्यांना ऐकवतोय. अंदाज यायला हवा म्हणूनच तर लवकर सुरू करायचं. आणि सगळं स्क्रीनवर कुठं करतोय मी? पाचवीला पटांगणात खडूनं रेघा मारून पानं वेगळी करायला लावली, कडा दातेरी आहे का, लव आहे का, हो असेल तर डावीकडं, नाही तर उजवीकडं, झाला डिसिजन ट्री, लाइट गेली तरी चालतो. फळ्यावर लिहिलं "आईनं गरम गरम..." आणि पुढचा शब्द विचारला, निम्म्याहून जास्त पोरं ओरडली भाकरी, बाकीची चहा. मग विचारलं, कोकणातल्या शाळेत हेच विचारलं तर? भात! चॅटबॉट पुढचा शब्द काढतो तो थोडाफार असाच, आधी वाचलेल्या ढिगावरून, फक्त त्याचा ढीग प्रचंड. त्या ढिगात आपल्याकडचं किती आहे हा प्रश्न पोरांनीच काढला.

आता खरी काळजी. परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोघा-तिघांनी हा तास बंद करा म्हणून धरलं. पोरं बिघडतील, शिष्यवृत्तीचा अभ्यास बुडतो, मास्तरला नसती हौस. एकजण तर म्हणाला, आपल्या पोरांना काय करायचंय एआय? अरे, बारामतीत उसाला पाणी कधी द्यायचं ते एआय सांगायला लागलाय, राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचं धोरण आणलं, आणि ज्यांच्या शेतावर हे येणार त्यांच्याच पोरांना हे नको? सीबीएसईत नववीला हा विषय २०१९ पासून आहे. केंद्रानं २०२६-२७ पासून तिसरीपासून आणायचं जाहीर केलंय. बीजिंगमध्ये शाळांना वर्षाला किमान ८ तास बंधनकारक केलेत. तुझा ओजस शिकेलच, त्याच्या शाळेत लॅब आहे, घरी तू आहेस. आमच्याकडं एक लॅपटॉप आणि माझ्या फोनचा हॉटस्पॉट. दहा वर्षांनी काही पोरं मशीन काय म्हणतंय ते तपासणारी होतील आणि दुसरी ते म्हणेल ते ऐकणारी, आणि ही विभागणी पिनकोडवरून होणार असेल तर मला झोप येत नाही रे. तू ओजसला सीबीएसईत घातलंस तेव्हा मी तुझ्याशी दोन महिने बोललो नव्हतो, आठवतंय? तो राग याचाच होता, तुझ्यावर नव्हता.

त्या पोरीच्या बापाला म्हटलं बैठकीत उठून सांगा. तो लाजतो. म्हणतो, फोनला विचारून औषध मारणार होतो हे चारचौघांत कसं सांगू.

बरं, तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींचं प्रमोशन शैलाकडून कळलं, अभिनंदन सांग. ओजसला म्हणावं मेमध्ये इकडं पाठवतोय तुला बाप, पोरांना त्याच्याकडून शिकू दे आणि त्याला भुरी आणि डावणी या रोगांतला फरक आमची पोरं शिकवतील. तुझा जुना लॅपटॉप बंद असला तरी दे, तासगावात दुरुस्त करून घेतो.

आणि मुख्य काम. पुढची बैठक होळीच्या आधीच्या शनिवारी आहे. तू ये. भाषण नको, फक्त २०१० ला तुमच्या घरी काय झालं तेवढं उठून सांग. माझं ऐकत नाहीत, अण्णांच्या मुलाचं ऐकतील. शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट मी काढतो, फक्त हो म्हण.

तुझा,
पक्या